उगवतीकडचं दार

कपाशी फुटली की आमच्या गिरजाघराच्या खिडक्यांना पांढऱ्या मिशा फुटतात. समोरच्या रस्त्यानं कापसाच्या गाड्या जातात, वारा त्यातला थोडा कापूस उचलतो आणि खिडक्यांच्या जाळ्यांत नेऊन अडकवतो. दर शनिवारी काठीच्या टोकाला फडकं बांधून मी तो काढते. आमच्याकडचे म्हणतात, "या वयात कशाला पडतेस त्यात? पोरं आहेत की." आमच्याकडचे म्हणजे शामुवेल सुतार, माझे यजमान. आता त्यांना धड ऐकू येत नाही, त्यामुळे मी काय उत्तर देते ते त्यांना कळत नाही आणि भांडण तिथंच संपतं. पोरं काम वरवरचं करतात, हे माझं उत्तर असतं. आणि खरं उत्तर मी त्यांना कधी देत नाही. ते असं की हा कापूस हाताला लागला की मला पुन्हा अठरावं वरीस लागतं.

आताची अमरावती भोंग्यावर उठते. जिनांच्या धुराड्यांनी आभाळ काळं केलंय आणि बडनेऱ्याच्या बाजूनं आगगाडीची शिट्टी ऐकू येते. मी सांगते आहे त्या हंगामात यातलं काही नव्हतं. आगगाडी अकोल्याच्या बाजूनं यायची होती, मूर्तिजापूरकडे रूळ पडताहेत असं लोक सांगायचे आणि ऐकणारे हसायचे. तेव्हा इथं होत्या त्या फक्त गाड्या. बैलांच्या, एकामागे एक, कापसानं फुगलेल्या. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी आमच्या वऱ्हाडची आठवण झाली होती. ज्यांनी जन्मात चांदीचा गोफ पाहिला नाही त्यांच्या बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या चढल्या. पाद्रीसाहेब दर रविवारी अमेरिकेतली लढाई थांबावी म्हणून प्रार्थना करायचे, आणि बाहेरच्या रस्त्यावरची सगळी बाजारपेठ ती थांबू नये म्हणून आपापल्या देवाला साकडं घालायची. देवाची त्या वर्षी मोठी पंचाईत झाली असणार.

पंचाईत आमचीही झाली होती. आमची ख्रिस्ती मंडळी लहान. प्रार्थनेसाठी एका व्यापाऱ्याची रिकामी वखार मिळाली होती. दसऱ्यानंतर कापूस यायला लागला तसा व्यापारी हात जोडून आला आणि म्हणाला, "साहेब, आता जागा कापसाले लागते." त्याचाही काही दोष नव्हता. पुढच्या रविवारी आम्ही कॅम्पातल्या कडुनिंबाखाली सतरंजी अंथरली आणि शेजारी गिरजाघराच्या पायाचं खणलेलं काम बघत स्तोत्रं म्हटली. वरून निंबाचं एखादं पिकलं पान गळत होतं. मला तर तो रविवार फार आवडला. आईला मुळीच आवडला नाही.

आईचं कारण वेगळं होतं. माझं लग्न ठरलं होतं. शामुवेल अकोल्याचे, गिरजाघराच्या छपराचं काम करायला आलेले. लाकडावर रंधा मारताना जीभ किंचित बाहेर काढायचे, अजून काढतात. छप्पर चढलं की पावसाच्या आधी त्यांना रेल्वेच्या पुलांच्या कामावर जायचं होतं, आणि तिथून ते कधी परत येतील हे कोणी सांगू शकत नव्हतं. म्हणजे लग्न व्हायचं ते पावसाच्या आत. पाद्रीसाहेब निंबाखालीही लग्न लावायला तयार होते. आईनं साफ सांगितलं, "माह्या पोरीचं लगन उघड्यावर नाई होनार. माहा भाऊ येईन, तो काय झाडाखाली उभा राहीन?"

हे ऐकून मी आईच्या तोंडाकडे बघतच राहिले. कारण तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, आमच्याशी बोलत नव्हता. चांदूर बाजाराजवळच्या खेड्यात त्याची काळ्या मातीची चांगली शेती. माझे वडील पटकीत गेले, आम्ही दोघी उघड्यावर पडलो, मिशनच्या बाईंनी आम्हाला उचलून आणलं आणि पुढं आईनं बाप्तिस्म्याच्या पाण्याखाली डोकं धरलं, त्या दिवसापासून माहेर तुटलं. मी रुखमा होते ती रूथ झाले. आईनं नव्या देवाला मनापासून धरलं, त्यात काही लबाडी नव्हती. पण भावाचं नाव निघालं की ती चुलीतलं लाकूड उगीचच पुढंमागं करायची. तिला एवढंच हवं होतं, की भावानं लग्नाला यावं. दारात उभं राहून नव्हे, आत यावं. भाचीच्या लग्नात मामा नाही, ही गोष्ट तिच्या गळ्याखाली उतरतच नव्हती.

गिरजाघर बांधत होते ते करीम मिस्त्री, अचलपूरचे. बापजाद्यांपासून मशिदी, दर्गे, विहिरी बांधणारं घर. विलायतेहून आलेला नकाशा त्यांच्यासमोर उलगडला तेव्हा मी तिथं होते. खिडक्यांच्या टोकदार कमानींवर त्यांनी बोट फिरवलं आणि दाढीतल्या दाढीत हसले. म्हणाले, "साहब, ये तो हमारीच कमान है. इतने दूर से काहे को मंगाई?" पाद्रीसाहेबही हसले. दोघांचं सूत जमलं ते तिथंच. मग साहेबांना हिवताप चढला आणि डॉक्टरनं त्यांना हवापालटाला चिखलदऱ्याला पाठवलं. जाताना त्यांनी मिस्त्रींना भिंतींची जाडी सांगितली, खिडक्यांची उंची सांगितली, चुना किती मुरवायचा ते सांगितलं. एक गोष्ट सांगायची राहिली, कारण ती सांगावी लागेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

नाताळाच्या तोंडावर साहेब उतरून आले. जोतं झालं होतं, काळ्या दगडाच्या भिंती कमरेइतक्या वर आल्या होत्या आणि दाराची चौकट उभी होती. साहेब घोड्यावरून उतरले, चौकटीपाशी गेले, सूर्याकडे बघितलं, पुन्हा चौकटीकडे बघितलं. मग टोपी काढून तिथल्याच एका दगडावर बसले.

दार पूर्वेला होतं.

गिरजाघराचं दार पश्चिमेला असतं. माणसानं मावळतीकडून आत यायचं, तोंड उगवतीकडे करायचं आणि समोर वेदी. सगळ्या विलायतेत असंच. आमच्या मिस्त्रींना हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी जन्मभर मशिदी बांधल्या, तिथं नमाजाला तोंड मावळतीकडे, म्हणजे आत शिरायचं उगवतीकडून. हाताखालचे गवंडी हिंदू, त्यांच्या देवळाचंही दार उगवतीलाच. देवाचं घर म्हटल्यावर दार कुठं ठेवायचं हा प्रश्न त्या सगळ्यांत कोणाला पडलाच नाही. एरवी विटेच्या आकारावरून वाद घालणारी माणसं, इथं मात्र त्यांचं आश्चर्य वाटावं इतकं एकमत झालं.

मिस्त्रींना चूक कळली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "मैं अपने हात से गिराता हूं साहब," म्हणाले. साहेबांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. त्यांचं मराठी पुस्तकी होतं, रागातसुद्धा ते आम्हाला 'आपण' म्हणायचे. शेवटी म्हणाले, "आपण पाडाल, पण पुन्हा बांधायला माणसं कुठून आणाल?" आणि ते खरंच होतं. वेचणी जोरावर आली होती. कालपर्यंत पाट्या उचलणाऱ्या बाया शेतात गेल्या होत्या, कारण तिथं मजुरी दुप्पट आणि ओटीत मूठभर कापूस वरकड. पाडलं असतं तर पावसाआधी छप्पर चढलं नसतं. साहेब उठले, कोटाची धूळ झटकली आणि कामाला लागा म्हणून सांगितलं. पण त्यांना ते लागलं होतं. पुढं कितीतरी वर्षं सकाळच्या उपासनेला ते वेदीशी उभे राहायचे आणि समोरच्या दारातून ऊन थेट त्यांच्या डोळ्यांत यायचं. डोळे मिचकावत केलेला त्यांचा उपदेश आमच्या पिढीला तोंडपाठ आहे.

त्या हिवाळ्याचा विचार केला की मला आधी चुन्याची घाणी ऐकू येते. बैल गोल फिरतोय, दगडी चाक चुन्यावरून करकरत जातंय, मिस्त्री त्यात गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर ओततायत. गोड, आंबूस, ओल्या भिंतीसारखा वास. बाया निघून गेल्या तेव्हा मंडळीतल्या आम्हीच पोरीबाळी पदर खोचून पाट्या उचलायला लागलो. हाताची सालं गेली. रस्त्यावरून उडालेला कापूस घाणीत पडायचा आणि चुन्याबरोबर मळला जायचा. मी काढायला गेले तर मिस्त्री म्हणाले, "रहने दे बेटी, दीवार को पकड के रखेगा." गेल्या पावसाळ्यात दक्षिणेकडच्या खिडकीखाली गिलाव्याचा पोपडा सुटला. आत बघितलं तर कापसाचा तंतू, अजून पांढरा. मी तिथं बोट ठेवून किती वेळ उभी होते कोण जाणे. हे मला फार आवडतं, की आमच्या भिंतीत तो हंगाम शिल्लक आहे. लढाई कधीच संपली, भाव कोसळले, पितळी शेंब्या मोडीत गेल्या. भिंतीतला कापूस तेवढा आपल्या जागी आहे.

भिंती पुऱ्या झाल्या, कमानी वळल्या, आणि काम थांबलं. छपराची सागवानी लाकडं मेळघाटातून उतरून परतवाड्याला येऊन पडली होती, आणि ती आणायला गाड्या नव्हत्या. अख्ख्या वऱ्हाडातली दोन चाकं असलेली प्रत्येक वस्तू कापसाखाली होती. साहेबांनी शब्द टाकून पाहिला, कमिशनरच्या कचेरीतही जाऊन आले. गाडीवान तोंडावर नाही म्हणत नव्हते, नुसते बैलांना पाणी दाखवायला निघून जायचे. शामुवेल रिकाम्या भिंतींवर चढून बसायचे आणि आभाळाकडे बघायचे. वर छप्पर नाही आणि हाताला लाकूड नाही, असा सुतार मी दुसरा पाहिला नाही. चुना अजून कच्चा होता. छपराविना पाऊस लागला असता तर भिंतींच्या माथ्यापासून सगळं धुऊन निघालं असतं.

एका पहाटे आईनं मला उठवलं. "चाल," म्हणाली, "मामाच्या घरी जाऊ." मी विचारलं, "आई, तो बोलेल का आपल्याशी?" ती म्हणाली, "तो नाई बोलला तं मी बोलीन. मले तोंड हाय."

कापूस टाकून परत निघालेल्या एका गाडीतून आम्ही गेलो. ती वाट मी विसरणार नाही. दोन्ही बाजूंना पांढरी शेतं, मधून मधून तुरीची पिवळी ओळ, वेचणाऱ्या बायांच्या पाठी आणि त्यांची गाणी. मामा शेतातच भेटला. आईला बघून त्याचा हात पागोट्याकडे गेला आणि तिथंच थांबला. घरी चला म्हणाला नाही. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीखाली बसवलं. पाणी दिलं ते ओंजळीत, वरून. आई वाकून प्याली, तोंड पुसलं आणि सावरून बसली. मला तो अपमान इतका झोंबला की मी पाणी घेतलं नाही. आई मात्र शांत होती. तिला भावाच्या विहिरीचं पाणी मिळालं होतं.

"काहून आली?" मामानं विचारलं.

"पोरीचं लगन हाय," आई म्हणाली. "मांडवाची लाकडं परतवाड्याले पडून हायेत. गाड्या पायजे."

"मांडवाले परतवाड्याची लाकडं? एवढा कायचा मांडव?"

"मोठा हाय."

मामा काही वेळ ढेकूळ फोडत बसला. "हंगाम चालू हाय, बाई. माह्या चारी गाड्या कापसात हायेत. साऱ्या गावाले मालूम हाय तू कोनत्या देवाची झाली थे. मले गावात राहाचं हाय."

"मी तुले देव नाई मांगून राहिली," आई म्हणाली. "मामाच्या गाडीतून मांडवाचे डहाळे येत असतेत. आपल्या घरात पह्यलेपासून येत असतेत. तुह्या लग्नात नाई आले काय? मंग माही पोरगी काहून तशीच जाईन?"

मामानं हातातलं ढेकूळ टाकलं. उठला, बैलांकडे गेला. आम्ही परत आलो. गाडीत मी मनातल्या मनात मामाला जेवढ्या येतील तेवढ्या शिव्या घातल्या. मिशनच्या शाळेत वाढलेल्या मुलीला फारशा येत नाहीत, म्हणून त्याच त्याच घातल्या.

होळी झाली. पळस फुलून गळून गेला. ऊन तापायला लागलं. एक दिवस दुपारच्या अंगाला घुंगरांचा आवाज आला. कापसाच्या गाड्यांना घुंगरं असतात, म्हणून कोणी मान वर केली नाही. मग शामुवेल भिंतीवरून ओरडले. ते ओरडणं मला अजून ऐकू येतं, त्यांना स्वतःला येत नसलं तरी. चार गाड्या वळणावरून येत होत्या, आणि त्यांच्यावर कापूस नव्हता. लांबच लांब सागवानी लाकडं होती, मागच्या टोकांना जमिनीवर रेघा ओढणारी. बैलांच्या शिंगांना गेरू लावला होता. पुढच्या गाडीतल्या सगळ्यांत मोठ्या तुळईला आंब्याचा डहाळा बांधला होता, आणि त्या डहाळ्याला हळदकुंकू लावलेलं होतं.

गाडीवान गावचे गडी होते. मामा नव्हता. आई डहाळ्यापाशी गेली, त्याची पानं हातांत धरली आणि ढसाढसा रडली. साहेब जवळ आले, त्यांनी हळदकुंकू बघितलं. आता ते काही बोलतील असं वाटलं. ते म्हणाले, "आपल्या भावाचे आमच्यावर फार उपकार झाले," आणि डहाळा स्वतःच्या हातानं सोडून आईला दिला. आईनं त्याच गाडीवानांबरोबर मामाला लग्नाचा दिवस कळवला.

ते छप्पर अजून आहे. पहिला पाऊस झाला की आमच्याकडचे आत जाऊन मान वर करून उभे राहतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "एक थेंब नाही." मी त्यांना म्हणते, गाड्या मामाच्या होत्या. ते म्हणतात, काय? मी म्हणते, काही नाही. बाहेरून आलेले लोक आमचं गिरजाघर बघतात आणि त्यांना त्यात काही विशेष दिसत नाही. मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत. ठेंगणं, काळ्या दगडाचं, उन्हाळ्यात आत शिरलं की थंडगार. घंटा विलायतेची, ती मुंबईहून परतणाऱ्या कापसाच्या रिकाम्या गाडीतून आली आणि अजूनही वाजताना थोडी किणकिणते, बैलाच्या गळ्यातल्यासारखी. शिकलेला कोणी पाहुणा असला तर तो दार चुकीच्या दिशेला आहे हे ओळखतो आणि हळूच मला सांगतो. मी त्याला हो म्हणते आणि बसायला सांगते. गोष्ट लांब आहे.

लग्न वैशाख सरताना लागलं, सकाळी, ऊन चढायच्या आत. नव्या सागाचा आणि चुन्याचा वास कोंदला होता. बसायला सतरंज्या, कारण बाकं व्हायची होती. आई पहिल्या सतरंजीवर बसली होती आणि तिचे डोळे दाराकडे होते. मी दाराशी उभी, माझ्या बाजूला कोणी नाही. विलायती पद्धतीनं बापानं मुलीला वेदीपर्यंत न्यायचं असतं. साहेब म्हणाले होते, मी आपल्याला नेईन. मी नको म्हटलं होतं. तो माझा हट्ट होता, आणि बरा हट्ट होता असं मला आजही वाटतं.

मी दारात होते म्हणून मला तो दिसला. निंबाखाली, बैलगाडीशेजारी. नवं पागोटं, खांद्यावर उपरणं. मान खाली, जणू वाटेनं जाता जाता बैलांना सावली म्हणून थांबला होता. करीम मिस्त्री तिथंच उभे होते, त्यांनी राम राम केला. मामा इमारतीकडे बघत होता. एकदा सूर्याकडे बघितलं, एकदा दाराकडे.

"दार उगवतीले हाय," तो म्हणाला.

"गलती हो गई भाऊ," मिस्त्री म्हणाले. "साहब लोगों का पश्चिम को रहता."

"गलती कायची?" मामा म्हणाला. "देवाच्या घराचं दार उगवतीलेच असते. मले वाटलं काही येगळंच असन. हे तं आपल्यावानीच हाय."

तरी तो हलला नाही. आतून साहेबांनी सुरुवात केली. मी एकटीच चालत वेदीपर्यंत गेले, शामुवेलांच्या शेजारी उभी राहिले. मागून येणारं ऊन माझ्या पदरावरून पुढं वेदीपर्यंत पोचलं होतं आणि साहेब डोळे मिचकावत पुस्तक वाचत होते. मग तो प्रश्न आला. तो येणार हे आम्हाला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर द्यायला कोणी नाही हेही.

"या कन्येला विवाहासाठी कोण देत आहे?" साहेबांनी विचारलं.

वेदीवरचं ऊन एकदम झाकलं गेलं. दारात कोणीतरी उभं होतं. मी वळून बघितलं. मामानं वाहाणा बाहेर काढल्या, वाकून उंबऱ्याला हात लावला, तो हात कपाळाला लावला आणि आत आला. सगळ्या मंडळीच्या मधून सरळ चालत आला, माझा दंड धरला, जसा मामा धरतो तसा.

"मी देतो," म्हणाला. "मामा हाय मी रुखमाचा."

आईनं सतरंजीवरची आपल्या शेजारची जागा पदरानं पुसली आणि थोडी सरकून बसली.